सर्वानुमते मंजूर

पोलीस ठाण्याच्या बाकावर माझे धोतर ओले झाले आणि फौजदार हसला.

"आबा, कायदा ओला झाला की," तो म्हणाला. मागचे दोन शिपाईही हसले.

वय सत्तरीपुढचे, मधुमेह जुना. लघवीला जाऊ द्या, असे मी पुन्हा पुन्हा सांगितले होते. प्रत्येक वेळी शिपायाचे उत्तर एकच. "थांबा, साहेबांना विचारतो." साहेब म्हणजे हाच फौजदार. समोरच बसलेला.

माझ्यावर कोणताही गुन्हा नव्हता. त्या दिवशी सोलापुरात मंत्री येणार होते. मंत्री येणार म्हटले की आमच्याकडे अर्ज लिहिणारी माणसे सकाळीच घरातून उचलली जातात, ठाण्यात बसवली जातात, त्यांना चहा पाजला जातो, आणि मंत्र्यांच्या गाड्या परतल्या की सोडून दिले जाते. अटक नाही, नोंद नाही, कारण नाही. नुसते 'बसवून ठेवणे'. कोणत्याही कायद्यात नसलेली ही शिक्षा इतकी अंगवळणी पडली आहे की नेणारा संकोचत नाही आणि जाणारा विचारत नाही.

माझे गाव सोलापूरजवळच्या मंद्रूपच्या पलीकडे. त्याच दिवशी गावात ग्रामसभा होती. विषय एकच: गावचे गायरान सौर प्रकल्पासाठी एका कंपनीला देणे. त्या माळावर आमची मेंढरे चरतात. धाकटा भाऊ वारल्यापासून त्याची बायको शांता त्याच कळपावर घर चालवते. माळ गेला की कळप विकावा लागणार. मी दिवाणी न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालो. ग्रामसभेत उभा राहून मी लेखी हरकत मांडणार आहे, हे सरपंचाला मी आधीच कळवले होते.

हवालदार आला तेव्हा शांता मेंढरे सोडत होती.

"आबांना कुटं नेताय?"

"च्या प्यायला."

"घरात च्या न्हाय व्हय?"

"लई बोलती ही," हवालदार मला म्हणाला, आणि दंडाला धरून त्याने मला गाडीत बसवले. पारावरची माणसे बघत होती. एकही उठला नाही.

दुपार कलल्यावर फौजदाराने माझ्यापुढे एक कागद सरकवला. मी स्वखुशीने ठाण्यात आलो होतो, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, असा मजकूर.

"करा सही आन् निघा. धोतर वाळवायला पायजे की घरी जाऊन." आणि कागदावर पेन ठेवता ठेवता पुढे म्हणाला, "तुमच्या गावचं बी झालं. सर्वानुमते मंजूर."

मंत्र्यांच्या बंदोबस्तावरच्या फौजदाराला आमच्या ग्रामसभेचा निकाल कोणी कळवला? आणि का? त्या क्षणी मला सारे स्वच्छ दिसले. माझ्यापासून मंत्र्यांना धोका नव्हताच. मंत्री हे निमित्त होते. धोका ठरावाला होता. मी सही केली असती, तर आबा आपल्या मर्जीने चहा पीत बसले होते, ग्रामसभेला आलेच नाहीत, असे सरकारच्या दप्तरी कायमचे झाले असते.

"मी सही करणार नाही," मी म्हणालो. "आणि आता जाणारही नाही. मला कधी आणले, कोणत्या कारणासाठी आणले, हे स्टेशन डायरीत लिहा. मग उठेन."

"आबा, सोडतोय तुमाला."

"धरले होते, हे आधी लिहा."

हवालदाराने पायाशी फडके टाकले. "पुसून तरी घ्या." मी फडक्याला हात लावला नाही. त्याच ओल्या धोतराने बसून राहिलो. कारण सांगितल्याशिवाय कोणालाही अटकेत ठेवता येत नाही, हा संविधानाचा बाविसावा अनुच्छेद मी मोठ्या आवाजात सांगू लागलो, तसे तक्रार घेऊन आलेले लोक दारात थबकून ऐकू लागले. फौजदाराचे हसू गेले. त्याने बाहेर जाऊन कोणाला तरी फोन लावला. परतल्यावर आवाज बदललेला होता. "जावा की आता. कशाला वाढवताय?" मी हललो नाही. दिवे लागल्यावर त्याने नोंद केली. मी ती शब्द न् शब्द वाचली आणि मगच उठलो.

या राज्यात एकमत असे तयार होते. नाही म्हणणाऱ्याला आधी गाडीत घालायचे, मग उरलेल्यांना हात वर करायला सांगायचे. मते मागताना हेच लोक आमच्या पायाशी वाकतात. निवडून आले की आमचा नकार त्यांना गुन्हा वाटतो. सरपंच, फौजदार, मंत्री यांत मी फरक करीत नाही. एकाच यंत्राचे हे दाते आहेत.

त्या नोंदीच्या आधारे मी ठरावाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील दाखल केले आहे. धोतर ओले झाल्याचेही त्यात लिहिले आहे. ती लाज माझी नाही, शासनाची आहे.

अपील फेटाळले तर उच्च न्यायालयात जाईन. पुढच्या ग्रामसभेला मी पहिल्या रांगेत असेन, शेजारी शांता असेल, आणि हरकत ती स्वतः वाचणार आहे. मला न्यायला येणाऱ्याने कारण लिहून आणावे आणि माझ्या दारात, गावासमोर, मोठ्याने वाचावे. कारण नसेल तर मला उचलून न्यावे लागेल. माझ्या पायांनी मी पुन्हा त्या गाडीत चढणार नाही.