साडेदहा इंचांचं कार्ड

रविवारी दुपारी मोहन्यात प्रज्ञा कांबळे या आर्किटेक्टच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड बंद पडलं. संध्याकाळी तिला नव्या विहाराचा आराखडा समितीला स्क्रीनवर आतून-बाहेरून फिरवून दाखवायचा होता. तो पसंत पडला तरच काम तिचं. स्वतंत्रपणे मिळणारं पहिलंच.

मी खोपटला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुकानात एक जुनं कार्ड पडून होतं. प्रज्ञाने फोनवरच चौकशी केली.

"मेमरी किती, दादा?"

"दोन जीबी. हळू चालेल, पण चालेल."

"आणि पॉवर?"

"अडीचशे वॅट. तुझा सप्लाय?"

"सहाशेचा."

"मग झालं की! निघालो."

ग्राफिक्स कार्ड स्क्रीनवरचं चित्र तयार करतं. त्याची मेमरी आणि वीज सगळे विचारतात. लांबी कोणी विचारत नाही. हे साडेदहा इंच होतं. प्रज्ञाने समितीच्या हॉलवर आणून ठेवलेल्या कॉम्प्युटरमध्ये ते बसवायला गेलो, तर कॅबिनेटमधला हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा आला. तो रिव्हेट मारून पक्का केलेला.

"कापूया का?" समितीचे अध्यक्ष गायकवाड काका हॉल उघडायला आले होते, त्यांनी विचारलं.

"नको. सगळंच बाहेर काढू."

काकांनी घरून लाकडी पाट आणला. सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड उघडाच पाटावर ठेवला. बटण कॅबिनेटलाच राहिलं, म्हणून स्क्रू ड्रायव्हरने दोन पिना जोडून मशीन सुरू केलं. त्यात खोचलेलं कार्ड आधाराशिवाय डुलत होतं. काकांनी ते धरलं.

"काका, पंख्याला बोट नको."

"अरे, तीन नातवंडं सांभाळलीत मी!"

समिती जमली. टीव्हीवर विहार उभा राहिला. खजिनदार सुलोचना मावशींनी माऊस मागून घेतला आणि भिंतीतून आरपार बाहेर पडल्या.

"मावशी, दारातून जा की!"

"बाहेर गार वाटतंय, तू ये."

हॉलभर हशा. मग प्रत्येकाला माऊस हवा.

"मला कोणीतरी सोडवा रे," काका ओरडले, "मलापण फिरायचंय!"

कोणी सोडवलं नाही. मावशी मात्र पायऱ्यांशी थांबल्या.

"प्रज्ञा, माझे गुडघे इथून कसे चढायचे गं?"

हशा थांबला. प्रज्ञाने तिथेच रॅम्प काढायला घेतला. चित्र गोठलं. सगळे काकांकडे बघू लागले.

"मी हललेलो नाही हां!"

चित्र सरकलं. पायऱ्यांशेजारी रॅम्प दिसला. मावशी माऊसने तो चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. टाळ्या पडल्या.

आराखडा रॅम्पसह एकमताने मंजूर झाला. काम प्रज्ञाला मिळालं.