कोपराच्या पुढे एक बोट

मास्तर माणसाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, आधी कोपराकडे बघायचे. मनगटापासून कोपरापर्यंत नजर फिरवायची, मान हलवायची, आणि मग गुड इव्हनिंग. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या बाहीला काहीतरी लागलंय. मी दोनदा झटकली.

लंडनला ईलिंगमधल्या एका हॉलमध्ये मी संध्याकाळची साफसफाई करायचे. मंगळवारी आणि गुरुवारी तिथं मास्तरांचा क्लास असायचा. जपानकडं ओकिनावा म्हणून बेटं आहेत, तिथली हातात धरायची जुनी हत्यारं ते शिकवायचे. क्लासमधले त्यांना सेन्सेई म्हणायचे. माझी मुलगी म्हणाली, आई, म्हणजे मास्तर. मग मी मास्तरच म्हणायला लागले. ते मला मिसेस पी म्हणायचे. सत्तरीचा गोरा माणूस, जन्मभर सुतारकाम केलेला. सगळी लाकडी हत्यारं स्वतः बनवायचे, ज्याच्या त्याच्या हाताच्या मापानं. म्हणायचे, “दुकानात मिळतं ते सगळ्यांना होतं, मिसेस पी, म्हणजे कुणालाच होत नाही. मुठीत धरलं की दांड्याचं टोक कोपराच्या पुढे एक बोट आलं पाहिजे. कमी आलं तर मार कोपरावर बसतो.”

एकदा क्लासच्या आधी त्यांनी सगळी हत्यारं टेबलावर मांडली होती. मी पुसायला गेले, तर सगळा शेतावरचा पसारा. विळे काय, दोरीनं बांधलेले दांडके काय. मला हसू आलं. म्हटलं, “मास्तर, ह्या विळ्याला दात नाहीत. आणि मुठीला असा काटकोनात बसवलाय, ह्यानं गवत कापायला बसलात तर दुपारपर्यंत पाठ जाईल.” दुसरा कुणी रागावला असता. त्यांनी चष्मा लावला, वही काढली आणि म्हणाले, “पुन्हा सांगा. सावकाश.”

मग मी तो दुसरा प्रकार उचलला. हातभर लांब दांडा आणि एका टोकाशी आडवी मूठ. टोनफा म्हणतात. मूठ धरून दांडा गरागरा फिरवायचा. मी म्हटलं, “हा तर जात्याचा खुंटा.” जातं म्हणजे काय ते हातानं करून दाखवलं. मास्तर खुर्चीत बसले. म्हणाले, “तिकडे ओकिनावातसुद्धा काहीजण हेच सांगतात, की हा जात्यावरून आला. तीस वर्षं मी शिकवतोय. पण खरं दळलेलं माणूस आज भेटलं.”

त्या दिवशी त्यांनी मला अख्ख्या क्लाससमोर जमिनीवर बसवलं. मी आठव्या वर्षापासून दळलेलं. आई आजारी, घरात सात माणसं, पहाटे उठून पायली दळायची. हाताला फोड यायचे, ते फुटायचे, मग हात घट्ट व्हायचा. रडायला कुणाला वेळ नव्हता. ते मी सांगितलं आणि जमिनीवर हवेत दळून दाखवलं. पांढऱ्या कपड्यातली बारा मोठी माणसं गुडघ्यावर बसून बघत होती. संपल्यावर सगळ्यांनी मला वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, आता उठा, मला फरशी पुसायचीय.

जाता जाता मी एवढंच म्हटलं की खुंट्याला कुणी वार्निश लावत नाही, घामानं हात सुटतो. पुढच्या मंगळवारी मास्तरांनी टोनफांच्या आठही जोड्यांच्या मुठी पॉलिशपेपरनं घासून आणल्या होत्या.

केंटहून त्यांचे एक मित्र यायचे, तेही मास्तर. दोघं भांडायचे ते साईवरून. साई म्हणजे लोखंडी सळई, मुठीशी दोन्हीकडून शिंगं असलेली. मला वाटायचं वांगं भाजायला बरी. मित्र म्हणायचे, शिंगं रुंद पाहिजेत, म्हणजे समोरच्याची काठी आत येते. आमचे मास्तर म्हणायचे, अरुंद पाहिजेत, म्हणजे आलेली काठी सुटत नाही. एका साईचं तर एक शिंग वर आणि एक खाली होतं, त्यावर तासभर गेला. चहा गार झाला. शेवटी मी बकेट खाली ठेवली आणि म्हटलं, “आमच्या गावचा लोहार विळा एक करायचा, शेजारच्या गावचा दुसरा. गवत तेच होतं.” मग मित्र म्हणाले, “पण वाक कुणाचा जास्त होता?” आणि पुन्हा सुरू.

माझे मालक, मुलीचे वडील, आदल्या वर्षी वारले होते. जानेवारीत मी बर्फावर घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तर हातात कप राहीना. सुपरवायझर म्हणाली, “सहा आठवडे देते. मग फरशीची मशीन चालवून दाखवा, नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल.” तिचं बरोबरच होतं. ती मशीन म्हणजे आडमुठा बैल, मूठ सुटली की भिंतीवर जाते. पण चौथी पास म्हातारीला दुसरीकडं कोण ठेवणार? आणि मुलीच्या दारात मला जायचं नव्हतं.

मास्तरांनी माझं माप घेतलं आणि हलक्या लाकडाचा टोनफा करून आणला, मूठ बिनवार्निशची. “डाळ शिजेपर्यंत फिरवा,” म्हणाले. पहिल्या आठवड्यात तो रोज पायावर पडायचा. खालची शेजारीण आवाजानं वैतागून तिच्या छतावर झाडूचा दांडा आपटायची. मी मास्तरांना सुजलेला अंगठा दाखवला. ते म्हणाले, “छान. पाय शिकतोय, हातही शिकेल.” तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ओकच्या लाकडाचा जड आणला. एकच बोलायचे, “आवळू नका. धरा आणि फिरू द्या.”

सहा आठवड्यांनी सुपरवायझर कागद घेऊन आली. मास्तर कोपऱ्यात उगाचच खुर्च्या लावत होते. मशीन सुरू केली तशी ती डावीकडं ओढायला लागली. पूर्वी मी तिला आवळून धरायचे. ह्या वेळी मूठ हातात नुसती ठेवली, मनगट तिच्याबरोबर जाऊ दिलं आणि हळूच वळवून आणलं. हॉलच्या त्या टोकापर्यंत सरळ गेले आणि परत आले. सुपरवायझरनं कागदावर टिक केली. मास्तरांनी लावलेल्या सगळ्या खुर्च्यांची तोंडं भिंतीकडं होती.

पुढं सात वर्षं मी ते काम केलं आणि माझ्या मनानं सोडलं. त्याच वर्षी मास्तरांचे हात थरथरायला लागले. त्यांची मुलगी एडिनबराला हॉस्पिटलात नर्स, ती त्यांना कायमचं न्यायला आली. टॅक्सी दारात उभी होती. हत्यारांची बॅग मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला उचलू दिली नव्हती, आणि त्या दिवशी त्यांच्याच्यानं ती जमिनीवरून हलेना. मुलगी पुढं झाली, तर तिला नको म्हणाले. क्लासमधले दोघं पुढं आले, त्यांनाही नको म्हणाले. मी उजव्या हातानं बॅग उचलली आणि टॅक्सीकडं चालायला लागले.

मला ते नको म्हणाले नाहीत. माझ्यामागून चालत आले.