हाळी आली नाही तर

आमच्या मालकांच्या आवाजाचं काय विचारूच नका. अमरसिंह त्यांचं नाव, गाव कोल्हापूरजवळचं गडमुडशिंगी आणि काम गुळाचे सौदे पुकारायचं. बाजारातल्या गलबल्यातनं ह्यांचा आकडा शेवटच्या माणसाला ऐकू जातो. तोच आवाज घेऊन घरी येतात. शेजारीण मला म्हणते, "वैनी, आज तुमच्यात वांगं हाय न्हवं?" मी हळूच सांगितलेलं ह्यांनी गल्लीभर केलेलं असतं!

नवी गाडी आली तशी ह्यांनी टूम काढली, नेसरीवरनं तिलारीच्या घाटानं गोव्याला जायचं. नेसरी मागं पडली आणि फोनमधल्या बाईनं आम्हाला एका फाट्याला आत घातलं. रस्ता बारीक होत गेला. दोन्ही अंगाला ऊस, पुढं झाडी. माणूस दिसेना. मी भुकेनं कावले होते. "विचारा की कुणाला तरी," म्हटलं, तर म्हणतात, "मला रस्ता म्हाईत हाय." डोंबल म्हाईत!

चढ संपला तिथं एक कौलारू घर लागलं. पुढं ओटा, ओट्यावर दोन बाकडी. भिंतीवर चुन्यानं लिहिलेलं, 'घरगुती चहा, जेवण. हळू बोला.'

"हळू बोला?" हे गाडीतनंच ओरडले. "देवळात आलोय का दवाखान्यात?"

आतनं एक बाई आली. पन्नाशीची, किडकिडीत, पदर खोचलेला. तिनं आधी ओठावर बोट ठेवलं, मग पुटपुटल्यागत म्हणाली, "या पावणं. बसा." तिला सगळे अक्काच म्हणतात, हे मला नंतर कळलं.

ह्यांना राग आला. "गिऱ्हाईकाला गप बसवणारं हाटेल पयल्यांदाच बघतोय," असं म्हणाले, पण म्हणाले हळू. मला तर हसूच आलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला जे जमलं नाही ते ह्या बाईनं एका बोटात केलं.

आत चुलीपुढंच पाट मांडले. काळ्या वाटाण्याची आमटी, घनसाळचा भात, नाचणीची भाकरी. भाताचा वास असा की माझ्या आईची आठवण आली. पण अक्काचं वागणं मला जरा विचित्रच वाटलं. भाकरीला दोन थापा मारायची आणि थांबायची. मागच्या दाराकडं कान लावायची. तेवढ्यात खालच्या रानातनं लांबलचक हाळी आली, "होऽऽ!" अक्का पिठाच्या हातानंच दारात गेली, "ओऽऽ" म्हणाली आणि परत येऊन भाकरी तव्यावर टाकली.

"कोण हो?" मी विचारलं.

"आमचे मालक. त्र्यंबक. भात कापून पडलाय खाली, राखणीला बसल्यात." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "थोरलं पावणं आल्यात रानात."

आम्हाला कळेना. तिनं नाकापुढं हात धरून सोंडेसारखा हलवला. हत्ती! तिकडं त्याचं नाव घेत नाहीत.

माझा घास हातातच राहिला. पलीकडच्या वस्तीवरचा एक माणूस गेल्या सुगीला त्याच्या पायाखाली गेला, असं ती भाकरी उलटत सांगत होती. खाली फोनला रेंज नाही, म्हणून ही हाळी. त्यांनी द्यायची, हिनं ओ द्यायची. दिवसभर थोड्या थोड्या वेळानं हेच.

अक्का माहेरची नृसिंहवाडीची. "आमच्या वाडीत घंटेनं जाग यायची, दिवसभर माणसांचा राबता," ती म्हणाली. "हितं लगीन करून आले आणि ऐकाय काय, तर वारं. पोरगी बेळगावात दिली, ल्योक पुण्यात. तो म्हणतोय विका रान. ह्यांच्या जिवाला ते पटत न्हाय." आणि हे हाटेल? "एकटीनं कान लावून बसलं की डोस्कं फिरायची येळ यायची. म्हटलं, चूल पेटलेलीच असती, चार पावणं जेवून जातील. माणूस असलं की भ्या कमी वाटतं. पण माणूस आलं की गलका करतंय. मग लिवलं भिताडावर."

ती बोलत होती आणि एकदम थांबली. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी हलेना. हाळीची वेळ टळली होती. बाहेर ऊन तिरकं झालेलं, पाखरंसुद्धा गप्प. अक्का दाराशी जाऊन उभी राहिली. मी तिच्याकडं बघितलं. तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. कुठली भाकरी आणि कुठलं काय!

मी ह्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवला. मला वाटलं हात धुवायला उठले. पण कोल्हापूरच्या माणसाला कुणी दिसेनासं झालं की हाक मारल्याशिवाय चैन पडतंय होय? हे मागच्या दारात गेले, तोंडाशी हात धरला आणि सौदा पुकारतात तसं पुकारलं, "त्र्यंबकरावऽऽ! हायसा का तिकडंऽऽ?"

अक्कानं उडी मारून त्यांच्या तोंडावर हात दाबला. पिठाचा. पण उशीर झाला होता.

"ओऽऽ!" खालनं उत्तर आलं. आणि त्याच्या मागोमाग ऊस मोडायला लागला. कडाकडा, कडाकडा.

"मालक गप बसले म्हंजे थोरलं पावणं जवळ हाय," अक्काचा आवाज फाटला. "म्हणून मीबी हाक मारत न्हाय! तुमी कशाला मारली? कशाला?"

हे दारातनं मागं सरले. मला त्यांचा संताप आला आणि त्यांची भीतीही वाटली, की आता ह्या माणसाच्या हाकेनं एक जीव जातोय.

अक्का थांबली नाही. परात घेतली, उलथनं घेतलं आणि अंगणात पळाली. परात बडवत ओरडायला लागली, "हिकडं ये! हितं हाय बघ! ये हिकडं!" मग ह्यांच्याकडं वळली. "आता वरडा की! लागंल तेवढं वरडा!"

हे ओरडले. घसा फुटेस्तोवर ओरडले. मी गाडीचा हॉर्न दाबून धरला. ऊस मोडण्याचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला, आमच्याकडं.

आम्ही आत पळालो, अक्कानं कडी घातली. केळी मोडल्या. गोठ्याचा पत्रा वाजत खाली आला. खिडकी एकदम काळी झाली आणि बाहेरचा उष्ण श्वास भिंतीतनं आत आल्यागत वाटला. मी साडीचा पदर तोंडात कोंबला, कारण रडण्याचाही आवाज होतो. अक्का माझं मनगट आवळून उभी होती. पण ती खिडकीकडं बघतच नव्हती. तिचा कान मागच्या दारालाच होता.

किती वेळ गेला देव जाणे. खिडकीत उजेड आला. पावलं ओढ्याकडं उतरत गेली.

मग मागचं दार वाजलं. त्र्यंबकराव. अंगभर चिखल, एका पायात चप्पल, ओठ पांढरेफटक. अक्कानं त्यांच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या. "कशापायी ओ दिली तुम्ही?"

"हाक आली," ते म्हणाले. "तोंडातनं गेलं."

ह्यांनी हात जोडले. "माझं चुकलं, मालक."

"तुमाला काय ठावं, पावणं." त्र्यंबकरावांनी अंगणातच चहा प्यायला, अक्कानं दिलेली दुसरी चप्पल घातली, काठी उचलली. निघाले की परत खाली!

"अहो अक्का, आज तरी नको की!" मी म्हणाले.

"भाताची रास उघडी पडलीय, वैनी. ते परत फिरलं तर वरीस गेलं." तिनं त्यांना अडवलं नाही. परातीचा पोचा पदरानं पुसत ती मागच्या दाराला जाऊन उभी राहिली आणि पाठमोरीच म्हणाली, "जावा आता तुमी. तुमच्या गाडीचा आवाज लांब जाईस्तोवर मला काय ऐकू यायचं न्हाय."

ह्यांनी किल्ली फिरवली नाही. आम्ही दोघांनी गाडी ढकलत उताराकडं नेली. मी चपला काढून गाडीत टाकल्या होत्या. तेवढ्यात खालनं हाळी आली. आम्ही गाडी धरून तिथंच थांबलो. अक्काची ओ कानावर पडेपर्यंत पुढं ढकलायचं धाडसच झालं नाही.