भांगातला मंगळवार

वहिनी गेल्याची बातमी यायच्या आधी मला तिच्या कर्जाच्या कंपनीचा फोन आला. डहाणू रोडला स्टेशनबाहेर आमचं झेरॉक्सचं आणि पासपोर्ट फोटोचं दुकान आहे. मंगळवारी सकाळी मी शटर वर करत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. ‘मॅडम, जयवंती मावशींनी रेफरन्स म्हणून तुमचा नंबर दिलाय. मावशी मीटिंगला नाहीत, फोन उचलत नाहीत. त्यांचा हप्ता राहिलाय, बाकीच्या सगळ्या बसून आहेत.’ मी म्हटलं, येईल हो, जीव खाऊ नका, आणि फोन ठेवला. उदबत्ती लावते न लावते तोच दादाचा फोन. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, जयूवहिनीचा नवरा. एरवी फोनवर ‘हां’ आणि ‘बरं’च्या पलीकडे न जाणारा माणूस. ‘जयू गेली गो,’ एवढंच म्हणाला. पहाटे तिच्या छातीत कळ आली म्हणून रिक्षात घालून त्याने तिला डहाणूला आणलं, पण हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं… आणि त्याच वेळी आमच्या गावी, धाकट्या डहाणूत, तिच्याच घराच्या ओटीवर, तिच्याच कर्जगटातल्या बायका मांडी घालून बसल्या होत्या. नियम असा की सगळ्यांचे हप्ते आल्याशिवाय मीटिंग सुटत नाही, आणि मीटिंग सुटल्याशिवाय कोणी उठायचं नाही. मी त्या वसुलीच्या पोराला उलटा फोन लावला. म्हटलं, उठव त्यांना, जिची वाट बघतोयस ती मेली. तो म्हणाला, ‘सॉरी मॅडम… मग आजची एन्ट्री काय टाकू?’

या गोष्टीला महिना होऊन गेला. भेटायला येणारे म्हणतात, राग सोड, गेलेल्या माणसाला त्रास होतो. मी सोडलेला नाही. हे सगळं मी रागातच लिहिते आहे, आणि वहिनीला त्याचा त्रास होत असेल तर होऊ दे. तिचाही राग आहेच मला.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या वेणीला हात घालून विचारलं होतं, ‘काय गो, नणंदबाय, तू भांडणारी की चुगल्या करणारी? आधी सांग, म्हंजे मला तयारीत ऱ्हायला.’ मी भांडणारी निघाले, आणि आमचं जमलं. तिचा आवाज असा की खाडीच्या या काठावरून हाक मारली तर पलीकडच्या काठावरच्या माणसाने ओ द्यावी. तलासरीच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची तेव्हा वारली बायकांशी त्यांच्या बोलीत, उंबरगावच्या गिऱ्हाइकांशी गुजरातीत आणि एसटीच्या कंडक्टरशी थेट शिव्यांत बोलायची. दादा समुद्रावर, वहिनी बाजारात, अशी घराची वाटणी होती, आणि घर चालायचं ते वहिनीच्या तोंडावर.

२०१४ मध्ये कंपनीची माणसं गावात आली. बायकांनी गट करा, एकमेकींना जामीन राहा, कागदपत्रं फार नाहीत, तारण नाही. सगळ्यांची आधार कार्डं माझ्याच दुकानात झेरॉक्स झाली. मला तेव्हा कर्ज चांगलंच वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर पहिलं वर्ष ते चांगलंच होतं. त्याआधी बोंबील सुकवणाऱ्या बायका एका व्यापाऱ्याकडून उचल घ्यायच्या आणि सुकलेला माल त्याच्याच दारात, तो म्हणेल त्या भावाला टाकायच्या. वहिनीने कर्जाच्या पैशात होडीवरून ओला बोंबील स्वतः घेतला, नव्या काठ्या आणि दोऱ्या बांधल्या. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने बोंबील टांगले आणि पावसाळ्याच्या तोंडावर, भाव चढल्यावर, गंजाडला आणि तलासरीला जाऊन विकले. व्यापारी रस्त्यात भेटला तर ती मुद्दाम थांबून त्याच्या तब्येतीची चौकशी करायची. कंपनीला ती ‘माझा दुसरा नवरा’ म्हणायची. ‘दर मंगळवारी येतो, जेवाय मागत नाय, पैसे मागतो. बरा हाय.’

पण हा दुसरा नवरा मंगळवारचा होता आणि समुद्र तिथीचा. आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं. पुनव आणि अवसेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ असते, जाळी भरतात. मध्ये अष्टमीच्या आजूबाजूला येतो भांग. भांगात पाणी मरतं, होड्या खाडीत नांगरून पडतात, घरात आवक नसते. हप्त्याला मात्र उधाण आणि भांग एकच. भांगातला मंगळवार आला की बायका करायच्या काय, तर काठीवरचा अर्धवट सुकलेला माल उतरवायचा आणि येईल त्या भावाला विकायचा. आणि तो घ्यायला रोकड घेऊन गावात उभा कोण? तोच व्यापारी! ज्याच्या दारातून सुटायला कर्ज काढलं, त्याच्याच दारात कर्ज फेडायला जायचं. हे वहिनीने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती मात्र हसत होती. म्हणाली, ‘त्यांना ठाऊक नसंल गो. मुंबईची मानसं. सांगितलं की कळंल.’

म्हणून आम्ही दोघी सांगायला गेलो. मागणी एवढीशीच होती: पैसे तेवढेच घ्या, व्याज तेवढंच घ्या, पण उधाणात दुप्पट घ्या आणि भांगात मागू नका. दादाला चल म्हटलं तर म्हणाला, बायकांचं कर्ज आहे, मी येऊन काय करू. वहिनी कंपनीच्या शाखेत जायचं म्हणून नटून आली. ठेवणीतलं लुगडं, गळ्यात लग्नातली सोन्याची माळ, हातात पाटल्या. आमच्यात मोठ्या माणसासमोर उघड्या गळ्याने जात नाहीत, त्यात त्याचाही मान असतो आणि आपलाही. मॅनेजरने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि हसत हसत म्हणाला, ‘मावशी, एवढं सोनं घालून येता, आणि हप्ता जड होतो म्हणता?’ वहिनीचा हात आपोआप गळ्याशी गेला. मग तिने पदर ओढून माळ झाकली आणि म्हणाली, ‘सर, सोन्याचं सोडा. मी पान्याचं इचारते.’ तो म्हणाला, सिस्टीममध्ये वार असतो, तिथी नसते. वर म्हणाला, तुमची परिस्थिती चांगली आहे, तुम्हाला मोठं कर्ज मंजूर होईल, घेता का? निघताना त्याने तिचा फोटो काढला. पुढे तो त्यांच्या कसल्याशा अंकात छापून आला, सोन्याच्या माळेसकट, खाली ‘कर्जाने उजळलेलं आयुष्य’. ती माळ तिच्या आईने बाजारात बसून केली होती, कंपनीचा मालक तेव्हा जन्मला तरी होता की नाही कोण जाणे!

आणि ही गोष्ट काही समुद्रापुरती नव्हती. वहिनीच्या टोपल्या विणून देणारी गंजाडची भिकी, तिने मिरचीसाठी कर्ज घेतलं होतं. रोप लावल्याच्या पुढच्या आठवड्यात पहिला हप्ता. ‘मिरची काय आंड्यातलं पिल्लू हाय, ठोसलं की बाहेर येल?’ भिकी विचारायची. ती हप्त्यासाठी दुसऱ्याच्या वाडीत चिकू तोडायला जाऊ लागली आणि तिची मिरची पाण्यावाचून गेली. मग शिकलेली माणसं टीव्हीवर बसून सांगतात की गावच्या बायकांना धंद्याची शिस्त नाही. शिस्त? पीक कधी येतं आणि मासा कधी येतो हे न विचारता पैसे वाटणाऱ्यांनी शिस्त शिकवावी!

वहिनी मात्र रागावली नाही. इथेच मला तिचा राग येतो. ती मार्ग काढत बसली. उधाणात गटातल्या प्रत्येकीने थोडा सुका माल तिच्या माळ्यावर ठेवायचा, भांगात तो तिने तलासरीला नेऊन चांगल्या भावाला विकायचा आणि त्यातून सगळ्यांचे हप्ते भागवायचे. दोन-तीन वर्षं हे चाललं. कंपनीच्या लेखी आमचं गाव आदर्श, एकही हप्ता चुकलेला नाही. ते कोणाच्या जिवावर, हे कोणी विचारलं नाही. मग एका हिवाळ्यात अवेळी पाऊस पडला, काठ्यांवरचा सगळा बोंबील भिजून किडला, गावभर वास. त्यानंतर माळा काही पुन्हा भरला नाही. तेव्हापासून भांग आला की वहिनीची माळ सोनाराकडे जायची आणि उधाणात सुटून यायची. पुढे पुढे ती येईनाशी झाली.

गटात सुमन म्हणून एक होती, नवऱ्याची होडी फुटलेली. तिच्या हप्त्यावाचून एकदा मीटिंग अडकली, मी त्या दिवशी ओटीवर होते. तो वसुलीचा पोरगा, जेमतेम विशीतला, खुर्चीवर. बायका खाली. खाडीत एक होडी लागत होती, लिलावाची हाक ऐकू येत होती आणि ज्यांना तिथे मासळी घ्यायला धावायचं त्या इथे अडकून सुमनकडे बघत होत्या. सुमन खाली मान घालून चटईची काडी उपसत होती. आजवर जिच्या सुखदुःखाला धावल्या तिच्याकडे त्या कशा बघत होत्या ते मी विसरणार नाही. कंपनीने आमच्याकडून व्याज घेतलं त्याचं मला काही नाही, ते कबूलच केलं होतं. पण ती नजर त्यांनी आणली. वहिनी आत गेली, सुमनचे पैसे आणून दिले, आणि वर पोराच्या हातात चहाचा कप ठेवला. ‘पी. तुला पन वरून बोलनी बसत असतील.’ मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

गेल्या वर्षापासून तिला दम लागत होता. टोपली उचलली की थांबायची. डॉक्टरने सांगितलं, वलसाडला नेऊन तपासण्या करा. मी गाडी ठरवली. तर म्हणे, ‘मंगळवार होऊ दे.’ मंगळवार झाला, तर म्हणे पुढचा भांगातला आहे, तो होऊ दे. मी ओरडले, रडले, दादाला बोलले. दादा म्हणाला, ती ऐकते का कोणाचं. मंगळवार होतच राहिले… आणि शेवटी एक असा आला.

तेराव्याला मॅनेजर हार घेऊन आला. चार शब्द बोलला तो. जयवंती मावशी आमच्या आदर्श सभासद, आणि विम्यातून त्यांचं उरलेलं कर्ज आता माफ होईल, परिवाराने काळजी करू नये. माफ! त्या विम्याचा हप्ता तिच्याच कर्जातून आधी कापून घेतलेला. मी सगळ्यांसमोर विचारलं, ती हॉस्पिटलच्या दारात पडली होती तेव्हा तुमच्या माणसाने बायकांना का उठू दिलं नाही? तो म्हणाला, ‘ताई, कोणी कोणाला धरून ठेवलं नव्हतं.’ आणि खरंच, कोणी धरून ठेवलं नव्हतं. मी बायकांकडे बघितलं. पन्नाशीच्या, बाजारात पोलिसालाही न घाबरणाऱ्या बायका, सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. त्या दिवशी मला कंपनीपेक्षा त्यांचाच राग आला, आणि अजून पुरता गेलेला नाही.

गेल्या मंगळवारी मी मुद्दाम दुकान बंद ठेवून गावी गेले. अष्टमी होती, भांग. बघते तर ओटीवर पाय ठेवायला जागा नाही. दादाने अख्खं जाळं पसरलेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मधोमध बसून तो फाटकं शिवत होता. बायका अंगणात उभ्या. तो पोरगा मोटरसायकलवरून उतरला, बॅग सावरत म्हणाला, ‘काका, हे जरा काढता का? मीटिंगचं केंद्र इथेच नोंदलंय.’

‘जालं सुकतंय,’ दादा म्हणाला.

‘मग कधी काढाल?’

‘पुनवेला.’

पोराने बायकांकडे बघितलं. बसायला जागा नाही म्हटल्यावर मीटिंग कशी सुरू करायची हे त्याला कोणी शिकवलं नसावं. सुमनच पुढे झाली. ‘पुनवेला ये,’ म्हणाली. ‘दोन्ही हप्ते देऊ. आज नाय.’ आणि ती वळली, तिच्यामागे एकेक करत सगळ्या वळल्या, खाडीच्या बाजूला चालू लागल्या. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पोरगा थोडा वेळ फोनवर कोणाशी तरी बोलत राहिला आणि गेला. वरून काय उत्तर येतं, कोणाच्या घरी कोण धडकतं, ते पुढे बघू.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी दादावर फुटले. म्हटलं, एवढंच करायचं होतं तर ती जिवंत असताना का नाही केलंस? जाळं तर तेव्हाही होतं. भांग तर दर पंधरवड्याला येत होता.

दादाने सुई थांबवली नाही. ‘पसरायचो गो मी,’ म्हणाला. ‘ती गुंडाळून ठेवायची. बोलायची, मंगळवार हाय, बाया येतील, बसतील कुठं…’