जिथं फोडला होता तिथंच

माझ्या सख्ख्या भावाचं तोंड मला बघवत नाही. लोक म्हणतात, असं बोलू नये, रक्ताचं नातं आहे. असेल. रक्ताचं आहे म्हणून तर एवढा राग येतो, परक्यावर कोण कशाला जीव जाळेल?

गेवराईच्या बाहेर, हायवेला लागून आमचं पत्र्याचं शेड आहे. काम फायबरचं. कूलरचे टप, ट्रकचे बंपर, कधी एखाद्या देवळाचा कळस. आबांनी उभं केलेलं. नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले तेव्हा आबांनी एका शब्दानं विचारलं नाही, हातात ग्राइंडर दिला. पुढं त्यांना लकवा मारला, उजवा हात गेला. तेव्हापासून काम मी करते आणि ते दारातल्या बाजेवर बसून माझ्या चुका काढतात. कौतुकाचा शब्द काढला तर जीभ झडेल असं वागतात.

भावाला ते शेड पाहिजे होतं. तिथं हॉटेल टाकायचं होतं त्याला. एक किल्ली त्याच्याकडं असायची. वाटेल तेव्हा कुलूप उघडून आत शिरायचा आणि आबांच्या कानाशी लागायचा. "बाईमाणसाला काम देतंय कोण? दोन टप चिकटवती आन् म्हणती कारखाना चालवते!" बहिणी देतात तसं मीही हक्कसोड लिहून द्यावं आणि बाजूला व्हावं, असं त्याचं म्हणणं. आबा ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "एवढा उन्हाळा जाऊ दे, मग बघू." म्हणजे पाऊस पडला की माझी वळकटी बाहेर. आणि जायचं कुठं मी? मला ह्या एका कामाशिवाय दुसरं काही येत नाही.

अशात एका सकाळी तो टेम्पोत एक धूड घालून आला. पाण्यावरची स्कूटर म्हणे. सीट नाही, उभं राहून हाकायची. लांबट अंग, नाक वर काढलेलं, मागं पाय ठेवायला खाच आणि एका दांड्याला हँडल. आमच्याकडं प्यायला टँकर येतो आणि ह्यांना पाण्यावर स्कूटर पाहिजे. भाऊ ज्यांच्या मागंपुढं करतो त्या वाळूवाल्या मालकांनी ती गोव्याकडून जुनी आणलेली. तिच्या नाकावर भेग होती. मधोमध ठेचलेला खड्डा आणि त्यातून चारीकडं फुटलेल्या रेघा.

"कावून फुटलं?" मी विचारलं.

"नदीत दगडाला लागलं."

"मालकाला ठाव हाय?"

"तुला काय करायचंय? आयतवारी त्यांचे पाव्हणे यायलेत, धरणावर न्यायची हाय. वरून लांबीची पुट्टी भर, रंग मार, मोकळी हो. जमत नसल तर तसं आबांसमोर सांग."

बघा डाव! नाही म्हटलं तर बाईला काम येत नाही. हो म्हणून वरवर लांबी भरली, तर पहिल्या लाटेला ती भेग तोंड उघडणार आणि नाव माझंच खराब होणार. आबा बाजेवरून म्हणाले, "जमतंय का?" मी म्हटलं, "जमतंय." भाऊ शेडच्या दारातच उभा होता. आत फायबरची धूळ असते, अंगाला खाज सुटते, म्हणून साहेबांनी उंबरा ओलांडला नाही.

तो गेल्यावर मी झाकण उघडलं, पेट्रोलची टाकी काढली, हात आत घातला. वाटलं होतं गाळ असेल, पाणी असेल. नदीत फुटलेली वस्तू ती, आत पाणी शिरणारच. पण आतला फोम वाळल्या भाकरीसारखा कोरडा. बाहेरूनही कुठं चिखलाचा डाग नाही. मग भेग पुसायला थिनरचं फडकं फिरवलं तर फडकं लाल झालं. आधी गंज वाटला. फायबरला कुठला आलाय गंज? वास घेतला, बोटांनी चोळलं. कुंकू होतं ते. आणि खड्ड्याच्या तळाशी एक काथ्याचा धागा अडकलेला.

मला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. नवी गाडी आली की आपल्याकडं पूजा होते, चाकापुढं दगड ठेवून नारळ फोडतात. हिला चाकच नाही! मालकाच्या माघारी पूजा मांडली असेल, ह्याच्या दोस्तांनी मोबाइल काढले असतील, आमच्या शहाण्यानं छाती फुगवली असेल आणि नारळ उचलून सरळ नाकावर हाणला असेल. उन्हानं भाजलेलं जुनं फायबर ते, बसलं फुटून. आणि नाव सांगितलं गोदावरीचं. बिचारी नदी! मी एकटीच खदखदा हसले.

"काय झालं गं?" आबा म्हणाले.

"काई न्हाई." असली गोष्ट लगेच सांगून टाकायची नसते.

काम मात्र मी जीव लावून केलं. भेग ग्राइंडरनं खोल खणून काढली, बाहेरूनही आणि आतूनही. उन्हाळ्यात रेझिनमध्ये हार्डनर टाकला की मग्यातच दगड होतो, धूर निघतो, म्हणून उजाडताच उठून थोडं थोडं कालवायचे. फायबरच्या मॅटचा एक थर, वरून रोलर, मग दुसरा थर. आबा बाजेवरून ओरडायचे, "बुडबुडा ऱ्हायला, दिसंना का तुला?" अंगाला ही खाज. प्रत्येक थराला मी भावाला एक शिवी घालत होते, त्यामुळं थर जरा जास्तच झाले असतील. शेवटी लांबी, वॉटर पेपरनं घासणं, रंग. आबांनी डावा तळवा स्कूटरच्या नाकावरून फिरवला आणि परत बाजेवर जाऊन बसले. मला लई राग आला. बरं झालंय म्हणायला काय जात होतं त्यांचं?

रविवारी मालक आले, सोबत पाहुणे. भाऊ असा पुढं पुढं करत होता, जसा काही ह्यानंच रात्रंदिवस खपून काम केलं. "आपलंच शेड हाय, मालक. करून घेतलं." मालकांनी वाकून बघितलं, भेग कुठं होती ते त्यांना सापडेना. खूश झाले. गाडीतून नारळ मागवला आणि माझ्यापुढं धरला.

"ताई, काम तुमचं, नारळ तुमीच फोडा."

भावानं मधेच हात घातला. "बाईमाणसानं नारळ फोडू न्हाई, मालक. द्या मी फोडतो." आणि पायरीच्या दगडाकडं निघाला.

"बरं दादा," मी म्हटलं, "तूच फोड. पण तिथं नको. मागच्या बारीला जिथं फोडला होतास, तिथंच फोड."

त्याचा चेहरा पडला. मालक म्हणाले, "मागच्या बारीला म्हंजे? अन् नदीतल्या दगडाचं काय?" मी कामाच्या शर्टाच्या खिशातून ते लाल फडकं काढून त्यांच्या हातात दिलं, म्हटलं, "भेगेतून निघालेलं कुंकू हाय." त्यांनी वास घेतला, एकदा स्कूटरच्या नाकाकडं बघितलं, एकदा माझ्या भावाकडं.

"फोड की मग," ते म्हणाले. "फोड तिथंच."

आता मी मनातल्या मनात थर मोजायला लागले, खोटं कशाला बोलू? फुटलं तर सगळं त्याच्या मनासारखं. भाऊ आबांकडं बघायला लागला, लहानपणी मार चुकवायला बघायचा तसा. आबा बाजेवरून म्हणाले, "फोड. तिच्या हातचं काम हाय ते, काई व्हत न्हाई."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि माझ्याकडं न बघता.

भावानं दात खाऊन नारळ हाणला, माझ्याच डोक्यात घालावा तसा. करवंटी फुटली, पाणी रंगावरून ओघळलं. मी दुसऱ्या फडक्यानं पुसलं. साधा ओरखडा नव्हता.

मालक हसत हसत स्कूटर घेऊन गेले. भाऊ मोटरसायकलला किक मारायला लागला, तेवढ्यात आबांनी त्याला हाक मारली. मला वाटलं, आता समजूत काढणार. लेक तो लेक.

"शेडची किल्ली ठिवून जा," आबा म्हणाले.