पंखा आणि तिचा आवाज

आज कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला, तर तो कोमट लागला. आतला पंखा जेमतेम ऐकू येत होता.

प्रोसेसर गार ठेवायचा तर पंखा जोरात फिरवावा लागतो, आणि शांतता हवी तर थोडी ऊब सोसावी लागते. दोन्ही साधणारा मधला वेग मला पहिल्यापासून माहीत होता. माझी बायको शालिनी अंध श्रोत्यांसाठी गोष्टी वाचून याच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करते. तिने पंखा कमी करायला सांगितला की मी म्हणायचो, "प्रोसेसर जळेल गं!" मग त्या घरघरीपासून वाचायला ती माइक घेऊन गोधडीत शिरायची.

श्रोत्यांचे फोन यायचे. "ताई, तुमचा आवाज ऐकला की बरं वाटतं." हाच आवाज जन्मभर मला जेवायला बोलवत आला होता. तेव्हा मी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. परके लोक ऐकू लागले, तेव्हा मात्र माझं काही चोरीला गेल्यासारखं वाटलं. मत्सर तापला की माणूस दुसऱ्याच्या शांततेवर उठतो.

आज पंखा कमी करून तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे ऐन उन्हाळ्यात मी गोधडीत उकडत होते, आणि तुम्ही बघत होतात?"

"हो."

"फोन अजून टोचतात?"

"टोचतात."

"मग बाहेर जा, अहो. दार ओढून घ्या."

दाराबाहेर उभा राहून मी पहिल्यांदाच तिची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. फार सुंदर वाचते ती. आणि त्यातलं एक वाक्यही माझ्यासाठी नव्हतं.