मोडलेली डोलकाठी

कटकन डोलकाठी मोडली. चार महिने खपून केलेली हातभर लांबीची लाकडी फत्तेमारी उघडीबोडकी झाली. चूक माझीच. फत्तेमारीची डोलकाठी पुढे झुकलेली असते. मी ती सरळ बसवली आणि शिडाचा दोर ताणला.

सून म्हणाली, "आई, दुकानात तयार जहाज मिळतं. कशाला बोटं कापून घेता?"

"त्या जहाजावर माझा बाप होता काय गं?"

बापाच्या फत्तेमारीचा फोटो कुणी काढला नाही. ती कशी दिसायची ते आता मलाच ठाऊक, आणि माणसाबरोबर त्याने पाहिलेलंही जातं. मी नवी काठी तासायला घेतली, या वेळी झुकती.

वादळात बापाच्या फत्तेमारीचीही डोलकाठी मोडली होती. फत्तेमारीवर नऊ माणसं होती. मोडक्या काठीला धरून एकटा माझा बाप वाचला.